टिश्यू कल्चर जी-नाईन केळीची रोपं : ३,००० रोपांचा एका हंगामाचा अनुभव

परवा शेवटचे साठ घड कापून गाडीत भरले आणि बाग मोकळी झाली. गेलं वर्षभर जो भेटेल तो एकच विचारतोय, "भाऊ, रोपं कुठली? कशी निघाली?" बांधावर उभं राहून सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. नर्सरीचं नाव लिहिणार नाही. त्यांच्याशी माझं भांडण अजून पुरतं मिटलेलं नाही, आणि मी जे सांगतोय ते तुम्ही कुठल्याही नर्सरीत गेलात तरी विचारायचंच आहे.

आधी हिशेब. रावेर तालुका, काळी जमीन, ठिबक, मृगबाग (म्हणजे जूनची लागवड). दोन एकरात ६ बाय ५ फुटांवर २,९०० च्या आसपास रोपं बसतात, वरची शंभर नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरायला. रोप १६ रुपयांना पडलं, बांधापर्यंत पोहोच. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लावली, फेब्रुवारीत निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, सुरू झाली, मेच्या अखेरीस पहिली कापणी. एकूण २,६४० घड कापले, रास (एका घडाचं सरासरी वजन) साधारण २४ किलोची पडली. म्हणजे सहाशे तीस क्विंटलच्या वर माल. भावाचं विचारू नका. बोर्डावर लिहिलेला भाव एक आणि बांधावर मिळणारा दुसरा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आणि त्यात रोपाचा काही दोष नाही.

आता नावाबद्दल. आमच्या अर्ध्या गावाला वाटतं की जी-नाईन म्हणजे कुठल्या तरी कंपनीचा नऊ नंबरचा वाण. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. ते मुळात फ्रेंच नाव आहे, 'ग्रँड नैन', म्हणजे मोठी बुटकी. हसू येतं, पण नाव बरोबर आहे. आपल्या जुन्या बसराईपेक्षा ही उंच, आणि कॅव्हेंडिश घराण्यातल्या थोरल्या उंच केळींपेक्षा बुटकी. बसराई, श्रीमंती, महालक्ष्मी, जी-नाईन ही सगळी त्या एकाच घराण्यातली भावंडं. पिकल्यावर पिवळी होणारी, लांब, किंचित वाकडी, आतून पांढरट. जगात एका देशातून दुसऱ्या देशात जाणारी केळी जवळजवळ सगळी याच घराण्यातली असतात.

रोपं आली त्या दिवसाचं सांगतो, कारण पैसे वसूल होतात की बुडतात ते तिथंच कळतं. गाडी सकाळी सहाला आली. ड्रायव्हर शहाणा माणूस. रात्रीतून गाडी आणली होती, ताडपत्री बांधलेली, आणि उतरवताना रोप देठाला न धरता पिशवीला धरा म्हणून मजुरांवर ओरडत होता. मी कुठलीही पाच रोपं निवडली आणि पिशव्या ब्लेडनं चिरल्या. चार रोपांत मुळ्या पांढऱ्या, दोऱ्यासारख्या, गड्ड्याला चारी बाजूंनी घट्ट धरलेल्या. पाचव्यात मुळ्या तळाशी गोल गोल फिरून तांबूस पडल्या होत्या, म्हणजे ते रोप पिशवीत जास्त दिवस बसलेलं. पानं पाच ते सहा, उंची फूटभर. इथपर्यंत ठीक. पण तीन पिशव्यांत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) होतं आणि दोनांत चक्क माती. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. ते पुढे सांगतो.

आबांच्या वेळी यातलं काही नव्हतं. कुणाच्या तरी चांगल्या बागेतून कंद आणायचे. तलवारीच्या पात्यासारखी अरुंद पानं असलेले मुनवे (झाडाच्या बुडातून फुटणारी पिल्लं) निवडायचे, रुंद पानांचे टाकून द्यायचे, कंद तासून साफ करायचे आणि बैलगाडीत भरायचे. आबा कंद आणायला जाताना शर्टाच्या खिशात सुपारी ठेवायचे. बागेच्या मालकाला सुपारी द्यायची, मग कंद. पैसे नंतर. घड यायला दीड वर्ष लागायचं, आणि एक झाड आज निसवलं तर शेजारचं दोन महिन्यांनी. कापणी म्हणजे रोज बागेत फिरून शोधाशोध. टिश्यू कल्चरनं, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांनी, सगळ्यात मोठं काम केलं असेल तर हे : अकरा-बारा महिन्यांत माल, आणि सगळा एकदम. याला पाचपैकी पाच तारे, अगदी डोळे झाकून.

एकदा पोरीनं मला कोंडीत पकडलं होतं. सहावीत आहे. शाळेतून बियांचे प्रकार शिकून आली आणि केळं उभं चिरून ताटात ठेवलं. "बाबा, याचं बी कुठं आहे?" मधोमध ते काळे बारीक ठिपके असतात ना, तेच बी, पण धरलंच नाही. जी-नाईनच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, अकरा-अकराचे, एकूण ३३. तीन संचांची नीट जोडी लागत नाही, म्हणून बी तयार होत नाही. फळ मात्र परागीभवन न होताच भरतं. रानातल्या केळ्यांत याच्या उलट. फळ बोटाएवढं, आत काळ्या टणक बिया ठासून भरलेल्या, गर नावाला. (सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात उगवणारी कवदर वेगळी. ती केळीची चुलत बहीण, पूर्वज नव्हे. पण बिया बघायच्या हौसेसाठी तीही चालेल.)

तर ज्याला बी नाही त्याला कुणीतरी हातानं उचलून नेल्याशिवाय ते दुसऱ्या शेतात जात नाही. पाखरू नेणार नाही, पाणी नेणार नाही. आज जी केळी आपण खातो ती हजारो वर्षं एका माणसाच्या हातून दुसऱ्याच्या हातात अशीच आली आहे. आबांच्या सुपारीपासून माझ्या १६ रुपयांपर्यंत व्यवहार तोच. म्हणून नर्सरीचं मोल करायचं म्हणजे हात कुणाचा आणि तो स्वच्छ आहे का, एवढंच बघायचं.

पहिले हात न्यू गिनीकडचे. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात कुक नावाची दलदल आहे, आता जागतिक वारसास्थळ. तिथं सुमारे ७,००० वर्षांपूर्वी माणसं केळी लावत होती. हे कळलं कसं? केळीला लाकूड नाही, लावलेल्या केळीला बी नाही, म्हणजे मातीत उरायला काहीच नाही. पण पानांच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण तयार होतात, पान कुजलं तरी ते मातीत टिकतात, आणि त्यांच्या आकारावरून केळी ओळखता येते. आमच्या शेतात वर्षानुवर्षं पानं कुजवतो आपण, म्हणजे आमचाही पुरावा जमा होतोय.

त्या भागातली रानकेळ म्हणजे 'मुसा अ‍ॅक्युमिनाटा', शास्त्रज्ञ तिला 'ए' म्हणतात. माणसांनी कमी बियांची, जास्त गराची झाडं निवडत निवडत बेटांवरून पश्चिमेकडे नेली. इकडे आशियाच्या मुख्य भूमीवर, आपल्या ईशान्येकडेही, दुसरी रानकेळ होती, 'मुसा बाल्बिसियाना', म्हणजे 'बी'. ही काटक, पाण्याचा ताण सोसणारी. दोघींची गाठ पडली आणि त्यातून निरनिराळे वाण निघाले. कुठं 'ए'चे दोन वाटे आणि 'बी'चा एक, कुठं उलटं. आपली छोटी पांढरी वेलची 'एबी', तमिळनाडूचं रसथाळी आणि पूवन 'एएबी', भाजीचं मोंथन 'एबीबी'. जी-नाईन मात्र निव्वळ 'एएए'. चव गोड, साल पातळ आणि स्वभाव नाजूक, पाण्याचा ताण दोन दिवससुद्धा सोसत नाही. मोटार जळाली की मला 'बी'ची फार आठवण येते.

कॅव्हेंडिश नावामागे एक इंग्रज जमीनदार आहे. केळी मूळ दक्षिण चीनकडची. ती मॉरिशसमार्गे इंग्लंडला गेली आणि चॅट्सवर्थच्या हवेलीत डेव्हनशरच्या सहाव्या ड्यूककडे पोहोचली. ड्यूकचं आडनाव कॅव्हेंडिश. त्याचा माळी जोसेफ पॅक्स्टन यानं काचघरात ती वाढवली. नोव्हेंबर १८३५ मध्ये ती निसवली आणि पुढच्या मेमध्ये शंभरावर केळी लागली. थंडीत काचघर तापवून घड काढला म्हणून माळ्याचं कौतुक झालं, पदक मिळालं, आणि नाव लागलं मालकाचं! आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? तिथून मुनवे मिशनऱ्यांबरोबर सामोआकडे पॅसिफिक बेटांवर गेले. या घराण्याच्या जगभर जायच्या वाटा अनेक, ही त्यातली एक. पण तेव्हा ही केळी काचघरातल्या शोभेचीच होती. बाजार गाजवत होती दुसरीच, ग्रोस मिशेल.

ग्रोस मिशेल जाड सालीची, घडच्या घड जहाजात टाकला तरी न दुखावणारी. मध्य अमेरिकेत तिची हजारो एकरांची लागवड झाली, सगळी एकाच वाणाची, सगळी कंदांतून वाढवलेली. मग जमिनीतली एक बुरशी लागली, फ्युझारियम. मुळांतून शिरते, खोडातली पाणी नेणारी नळी बंद करते, झाड उभ्या उभ्या वाळतं. रोगाला नाव पडलं पनामा. ती बुरशी मातीत दशकानुदशकं राहते आणि औषधाला दाद देत नाही. कंपन्यांनी बागा सोडून नवी जंगलं तोडली, तिथंही कंदांबरोबर बुरशी गेली. १९६० च्या दशकापर्यंत ग्रोस मिशेल निर्यातीतून बाद झाली. कॅव्हेंडिशला ती बुरशी लागत नव्हती म्हणून ड्यूकची शोभेची केळी बाजारात आली. साल पातळ, म्हणून घडाऐवजी फण्या सुट्या करून पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरायला लागले. आज निर्यातीच्या मालाचं खोकं भरताना आपले मजूर फणी धुतात, पुसतात, मध्ये फोम घालतात, ते सगळं या नाजूक सालीपायी.

आता त्याच बुरशीचा नवा प्रकार निघालाय, टीआर-फोर, आणि तो कॅव्हेंडिशला लागतो. आधी तैवान आणि आग्नेय आशिया, २०१३ च्या सुमारास जॉर्डन आणि मोझांबिक, २०१९ मध्ये कोलंबिया. आपल्याकडे बिहारात कटिहार-पूर्णियाच्या बाजूला आणि उत्तर प्रदेशात फैजाबादकडे (आताचा अयोध्या जिल्हा) सापडलाय, जी-नाईनच्या बागांतच. म्हणजे माझ्या दोन एकरातलं प्रत्येक झाड त्याला सारखंच बळी पडणार. एकालाही वेगळी सवय नाही, कारण सगळी मिळून एकच झाड आहे.

म्हणून त्या पिशव्यांतल्या मातीचं आता वाटतं. टिश्यू कल्चरचा मोठा फायदा असा की प्रयोगशाळेतल्या बाटलीत माती नसतेच. मुनव्याच्या कोंबाचा अगदी आतला बारीक तुकडा घेतात, निर्जंतुक खाद्यावर वाढवतात, फुटवे वेगळे करून पुन्हा वाढवतात. त्यातून मातीतली बुरशी येत नाही. पण बाटलीतून बाहेर काढल्यावर रोप आधी ट्रेमध्ये आणि मग पिशवीत शेडनेटखाली वाढवतात. तिथं कुठली तरी, कुणाच्या तरी शेतातली माती भरली, तर आधीच्या सगळ्या स्वच्छतेवर पाणी. बाटली शुद्ध आणि पिशवी घाण, असला प्रकार. नर्सरीच्या प्रतिनिधीला विचारलं तर म्हणाला, "कोकोपीट कमी पडलं होतं, भाऊ." याचा एक तारा मी सरळ कापला. रोपं घ्यायला जाल तेव्हा आधी पिशवी चिरून बघा.

दुसरी तक्रार भेसळीची. चार-पाच महिन्यांची बाग झाल्यावर ४१ झाडं वेगळी दिसायला लागली. बुटकी, पानं एकावर एक गच्च बसलेली, कोबीचा गड्डा ताणून उभा केल्यासारखी. काहींच्या पानांवर पांढरट पट्टे. हा रोग नाही. एकाच तुकड्यापासून फार वेळा फुटवे काढत राहिलं की अशी वेडीवाकडी रोपं निघायचं प्रमाण वाढतं. म्हणून साधारण आठ फेऱ्यांच्या वर जाऊ नये असा नियम आहे. तक्रार केली तर त्यांनी फोटो मागितले, मग मोजून न्या म्हणाले, मग महिन्यानं ४१ नवी रोपं पाठवली. सहा महिन्यांच्या बागेत फुटाचं रोप लावून ऊन कुठून मिळणार त्याला? सगळी वाया. पैसे परत मागितले ते अजून 'वरून मंजुरी'त आहेत.

तिसऱ्या गोष्टीत दोष अर्धा माझा आहे, म्हणून तारा अर्धाच कापतो. ऑगस्टमध्ये आठ दिवस आभाळ राहिलं आणि हरण्या हा विषाणूचा रोग दिसला. कोवळ्या पानावर पिवळ्या रेघा, पान आखडतं, पोगा (मधलं न उलगडलेलं पान) सडतो. २१४ झाडं उपटून गाडली. सगळं गाव म्हणालं, रोपातूनच आला. नर्सरीकडे व्हायरस तपासणीचा दाखला होता, केंद्र सरकारच्या प्रमाणपत्र योजनेतला, आणि त्यात हा विषाणूही तपासलेला होता. हा रोग मावा पसरवतो आणि काकडीवर्गातल्या वेली म्हणजे त्याचं माहेर. माझ्याच बांधापलीकडे माझ्याच भावाची गिलक्यांची वाडी होती, आणि बांधावरचं तण मी काढलं नव्हतं. टिश्यू कल्चरचं रोप पहिले दोन-तीन महिने फार लुसलुशीत असतं, माव्याला मेजवानी. दाखला रोपाचा असतो, शेजाऱ्याच्या गिलक्यांचा नसतो. भावाला काही बोललो नाही, गिलकी मीच खाल्ली होती.

आता चव. जी-नाईन गोड आहे, पण नुसतीच गोड आहे. शिकरणाला चांगली, प्रसादाच्या शिऱ्यात चांगली, वेफर्सना कच्ची चांगली. मागं एका अभ्यास दौऱ्यात आम्ही चाळीस शेतकरी तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रात गेलो होतो. तिथं तिनशेहून जास्त प्रकारच्या केळी राखल्यात. लाल, राखाडी, बोटाएवढ्या, हाताएवढ्या. चाळीस जण रांगेतून चालताना गप्प झाले, आणि आमची माणसं गप्प होत नाहीत. संध्याकाळी गावातल्या एका साध्या दुकानात घड टांगलेले होते, एक डझन नव्हे तर एक-एक केळं सुटं देतात. रसथाळी खाल्लं. आंबट-गोड, सफरचंदासारखा वास, गर मऊसूत. जन्मभर केळी पिकवणारा मी, पंचेचाळिसाव्या वर्षी मला कळलं की केळ्याला वासही असतो.

एक मुनवा पिशवीत घालून आणावा असं फार वाटलं होतं. केंद्रातल्या एका शास्त्रज्ञांनी हात जोडून नको म्हटलं. पळणीच्या डोंगरातली विरूपाक्षी नावाची केळी बंची टॉप रोगानं जवळजवळ संपली होती, पुढे विषाणूमुक्त रोपं करून ती पुन्हा उभी करावी लागली. असा रोग मुनव्यातूनही फिरतो. फळ किती न्यायचं ते न्या, म्हणाले. नेलं. दोन फण्या गाडीतच संपल्या, आणि त्यातून उगवणार काय?

एकूण पाचपैकी साडेतीन तारे. उतारा, एकसारखी कापणी आणि घडाचा देखणेपणा याला तोड नाही. भेसळ आणि माती याला माफी नाही. ड्रायव्हरला वेगळे पाच.

पुढच्या जूनसाठी २,००० नोंदवायला गेल्या आठवड्यात पुन्हा त्याच ऑफिसात गेलो. दादा म्हणाले, एवढं बोललास आणि परत तिथंच? पण दुसऱ्या दोन नर्सऱ्यांत विचारून आलो होतो, रोपं कितव्या फेरीची, हा प्रश्नच त्यांना कळला नाही. यांना निदान कळला. वरून विचारून सांगतो म्हणाले. मंगळवारी फोन आला, सहावी. कागदावर लिहून द्या, पिशवीत फक्त कोकोपीट हेही लिहा, आणि ते ४१ रोपांचे पैसे यातून वळते करा, म्हटलं. दुपारी शिक्का मारून कागद मिळाला. मग बयाणा दिला. भावाला सांगितलंय, या वर्षी बांधाला गिलकी नको, तूर लाव.